बुगिस स्ट्रीट : बदनाम गल्लीचा बाजार झाला

सिंगापूरहून परतणाऱ्या मराठी पर्यटकांच्या बॅगेतले कीचेन, मॅग्नेट आणि स्वस्तातले टी-शर्ट बऱ्याचदा बुगिस स्ट्रीटच्या बाजारातले असतात. छप्पर घातलेल्या त्या बोळात खांद्याला खांदा लागतो, उसाचा रस मिळतो आणि भाव करायला वाव असतो. पण जिचं नाव जगभर झालं ती गल्ली ही नव्हे. ती होती व्हिक्टोरिया स्ट्रीट ओलांडून पलीकडे.

बुगी हे सुलावेसी बेटावरचे दर्यावर्दी व्यापारी. त्यांच्यावरून गल्लीला नाव पडलं. शेजारी मलाय स्ट्रीट, हायलाम स्ट्रीट आणि मलबार स्ट्रीट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच भागात जपानी कुंटणखाने होते. क्यूशू बेटावरच्या गरीब खेड्यांतून आणलेल्या मुली तिथे राबत. 1920 च्या सुमारास जपानी वकिलातीनेच ते बंद करायला लावले.

दुसऱ्या महायुद्धानंतर गल्लीने वेगळं रूप घेतलं. अंधार पडला की रस्त्यावर टेबलं मांडली जात, खाण्याच्या गाड्या लागत, बिअरच्या बाटल्या फुटत. खरी वर्दळ सुरू व्हायची मध्यरात्रीनंतर. नटूनथटून, उंच टाचांवर तोल सावरत पारलिंगी स्त्रिया यायच्या. त्यांना बघायला ब्रिटिश खलाशी, व्हिएतनाम युद्धातून सुट्टीवर आलेले अमेरिकन सैनिक आणि पुढे पुढे सहकुटुंब पर्यटकही येत. शेजारी बसायचे पैसे, फोटो काढू द्यायचे पैसे. टेबलांच्या मधून शाळकरी वयाची पोरं पाटी-खडू घेऊन फिरत आणि गोऱ्या साहेबांशी पैसे लावून फुली-गोळा खेळत. बहुतेक वेळा पोरंच जिंकत.

बाहेरच्यांनी या गल्लीला तमाशा मानलं. तिथल्या स्त्रियांसाठी ते पोट भरायचं ठिकाण होतं आणि आपल्यासारखी माणसं भेटायचा आसराही. त्याच काळात, 1971 मध्ये, सिंगापूरमधल्या कांडांग करबाऊ रुग्णालयात लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली. 1973 पासून अशी शस्त्रक्रिया झालेल्यांना ओळखपत्रावरची लिंगनोंद बदलून मिळू लागली. रात्री ज्यांना पाहून लोक हसत, त्यांना कागदावर मान्यता देणारं सरकार तेव्हा आशियात विरळाच होतं. हे श्रेय त्या सरकारला द्यायलाच हवं.

गल्ली मोडली तीही त्याच सरकारने. मेट्रोचं स्थानक इथेच यायचं होतं, शिवाय शहराला स्वच्छ, शिस्तीचं रूप हवं होतं. 1980 च्या दशकाच्या मध्यावर घरं पाडली गेली, गाड्या उठल्या, स्त्रिया पांगल्या. 1989 मध्ये बुगिस स्थानक सुरू झालं.

मग पर्यटन खात्याला गल्लीची आठवण झाली. रस्त्यापलीकडे 1991 मध्ये नवी बुगिस स्ट्रीट उभारली गेली. जुन्या धर्तीच्या इमारती बांधल्या, स्त्रीवेशातल्या कलाकारांचे कार्यक्रमही ठेवले. ते चाललं नाही, आणि चालणारही नव्हतं. जी माणसं आपल्या गरजेने तिथे जमत होती त्यांना आधी घालवायचं आणि नंतर मंचावर उभं करून तिकडे गर्दीची वाट पाहायची, हा हिशेबच चुकीचा होता. त्या जागेला ऊर्जितावस्था आली ती नक्कल सोडून छोट्या दुकानदारांना गाळे मिळाल्यावर. कॉलेजच्या पोरींना परवडणारे कपडे, चपला, मोबाइलची कव्हरं. ही गर्दी खरी आहे, म्हणून तो बाजार मला मनापासून आवडतो.

मूळ गल्लीच्या जागी 1995 मध्ये बुगिस जंक्शन हा मॉल उघडला. खाली दुकान, वर घर अशा इमारतींचे दर्शनी भाग उभारून मधल्या रस्त्यांवर काचेचं छप्पर घातलं आणि आत वातानुकूलन सोडलं. मलाय, हायलाम, मलबार ही नावं तशीच ठेवली. मुख्य दुकान होतं सेइयु या जपानी कंपनीचं. मॉल उघडण्याच्या पाऊण शतक आधी त्याच मलाय स्ट्रीटवर जपानी मुली विकल्या जात होत्या, हे त्या गुळगुळीत फरशीवरून चालताना माहीत असायला हवं असं मला वाटतं. बुगी खलाशांना नावात जागा मिळाली. गल्ली ज्यांच्यामुळे गाजली त्या स्त्रियांना नाही.

मॉल उघडला त्याच वर्षी हाँगकाँगचे दिग्दर्शक योनफान यांचा ‘बुगिस स्ट्रीट’ हा चित्रपट आला. त्यात पारलिंगी स्त्रियांनी स्वतः भूमिका केल्या आहेत. सिंगापूरचं तिकीट काढलेल्यांनी निघण्याआधी तो जरूर पाहावा.