श्वासनलिकेतली वल्ही

श्वासनलिकेच्या आतून सूक्ष्म रोमकांची दाट लव असते. हे रोमक सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा झपकन हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला कफ घशाकडे लोटत राहतात.

त्यांना हलवतं डायनीन हे प्रथिन. शास्त्रज्ञ इयन गिबन्स यांनी 1965 मध्ये त्याचं हे नामकरण केलं.

रोमकाच्या गाभ्यात सूक्ष्मनलिकांच्या 9 जोड्या वर्तुळात उभ्या असतात, मधोमध आणखी 2 नलिका. प्रत्येक जोडीवरचं डायनीन एटीपी या पेशीतल्या इंधनाच्या ऊर्जेवर शेजारच्या जोडीला धरतं, ढकलतं, सोडतं. जोड्या मोकळ्या असत्या, तर त्या एकमेकींवरून नुसत्या सरकत गेल्या असत्या. 1971 मध्ये गिबन्स आणि कीथ समर्स यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या शुक्राणूंच्या, रोमकांसारखाच गाभा असलेल्या शेपट्यांतले जोड्यांना बांधणारे दुवे ट्रिप्सिन या विकराने तोडले, एटीपी दिलं आणि नेमकं तेच दिसलं! शाबूत रोमकात दुवे ही घसरण रोखतात, म्हणून तो वाकतो. किती देखणी युक्ती!

डायनीनच नसेल तर? ब्योर्न आफझेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1976 मध्ये निश्चल शुक्राणू आणि श्वसनमार्गाच्या सततच्या संसर्गामागे हेच कारण दाखवलं. अशा जवळपास निम्म्या रुग्णांचं हृदय उजवीकडे असतं, कारण गर्भात डावं-उजवं ठरवणारा द्रवाचा प्रवाहही रोमकच निर्माण करतात.