ऑफिसच्या फिश टँकमधले मासे सोमवारीच का मेलेले दिसतात?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद होतं. जाता जाता कुणीतरी मेन स्विच बंद करतं. सोमवारी सकाळी रिसेप्शनजवळच्या टँकमध्ये दोन-तीन मासे पाण्यावर उलटे तरंगत असतात. मग टँक घासूनपुसून लख्ख केला जातो, नवे मासे येतात आणि काही दिवसांत तेही मरतात.

असं का होतं? समजून घेऊया.

टँकमध्ये नेमकं काय चालू असतं?

मासे जे शरीराबाहेर टाकतात त्यातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विष आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाणी स्वच्छ दिसलं तरी ते सुरक्षित असेलच असं नाही.

माशांना वाचवतात ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वाढणारे जिवाणू. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच असतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं. नव्या टँकमध्ये ही साखळी बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

मग वीकेंडला काय बिघडतं?

या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. फिल्टर बंद पडला की काही तासांत ते मरू लागतात. माशांनाही ऑक्सिजन कमी पडतो. त्यात 'दोन दिवस उपाशी राहतील' म्हणून शुक्रवारी मूठभर खाद्य टाकलं, तर ते कुजून अमोनिया आणखी वाढतो. खरं तर निरोगी मोठे मासे दोन दिवस खाद्याशिवाय आरामात राहतात.

टँक धुतला तर चूक काय?

स्पंज नळाखाली धुतला की पाण्यातल्या क्लोरीनमुळे उरलेले जिवाणूही मरतात. नवे मासे येतात तेव्हा अमोनिया पचवणारं कुणीच नसतं.

एसीचा त्रास होतो का?

गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल या माशांना साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. दिवसभर एसी आणि रात्री उकाडा, हा चढउतार त्यांना सोसत नाही. थर्मोस्टॅटवाला हीटर पाणी फार गार होऊ देत नाही. एसीचा झोत थेट टँकवर येऊ देऊ नका.

तुम्ही काय करू शकता?

- फिल्टरचा प्लग मेन स्विचबरोबर बंद होणार नाही अशा लाइनवर घ्या.
- दर आठवड्याला फक्त 20 ते 25 टक्के पाणी बदला. नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन टाका.
- स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा.
- दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या.
- नव्या टँकमध्ये सगळे मासे एकदम सोडू नका. टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसला की थोडे थोडे वाढवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टँकची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्या. नाहीतर सकाळी प्यून, दुपारी अकाउंट्सवाले आणि संध्याकाळी एचआर, असं तीनदा खाद्य पडतं आणि पाणी बदलायचं मात्र कुणाच्याच लक्षात राहत नाही.