कांगारू पद्धत : कमी वजनाच्या बाळाला आईची ऊब

दिवस भरण्यापूर्वी किंवा कमी वजनाचे बाळ जन्मले की त्याला काचेच्या पेटीत, आईपासून दूर ठेवण्याची रीत रुग्णालयांमध्ये अनेक वर्षे रूढ होती. बाळ जितके नाजूक, तितके त्याला कमी हाताळावे, असा समज त्यामागे होता. प्रत्यक्षात अशाच बाळाला आईच्या त्वचेच्या थेट स्पर्शाची सर्वाधिक गरज असते, हे आता सिद्ध झाले आहे.

या पद्धतीचा आरंभ 1978 साली कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे झाला. पेट्या अपुऱ्या आणि जंतुसंसर्ग फार, अशा स्थितीत डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूची मादी आपले अपुऱ्या वाढीचे पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते. त्यावरून या पद्धतीला 'कांगारू मदर केअर' हे नाव मिळाले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातही या पद्धतीचा अभ्यास झाला. 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या 206 बाळांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. कांगारू पद्धतीने ठेवलेल्या बाळांचे वजन दररोज सरासरी 24 ग्रॅमने, तर इतर बाळांचे सुमारे 16 ग्रॅमने वाढल्याचे त्यात आढळले.

याचे कारण काय? लहान बाळाच्या अंगात चरबी कमी असल्याने त्याचे शरीर लवकर थंड पडते. ऊब टिकवण्यातच शक्ती खर्च झाली, तर रक्तातील साखर उतरते आणि वाढ खुंटते. आईच्या अंगाची ऊब हा खर्च वाचवते. जवळिकीमुळे आईला दूध चांगले येते आणि बाळाचे जंतुसंसर्गापासून रक्षण होते.

तरीही बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावरच त्याला आईकडे द्यावे, असा प्रघात होता. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने तो चुकीचा ठरवला. नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. जन्मानंतर लगेच आईजवळ दिलेल्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण 28 दिवसांत 12 टक्के, तर इतरांमध्ये 15.7 टक्के होते. लाभ इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. 2022 मध्ये संघटनेने अशा बाळांना जन्मानंतर लगेच, दिवसाचे 8 ते 24 तास ही काळजी देण्याची शिफारस केली.

पद्धत सोपी आहे. बाळाला केवळ टोपी, लंगोट व पायमोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे ठेवावे. मान एका बाजूला वळवून नाक व तोंड मोकळे राहील, याची काळजी घ्यावी. वरून कापड बांधून बाळाला आधार द्यावा. एका वेळी किमान तासभर तरी असे धरावे. आई थकल्यास वडील, आजी किंवा मावशीनेही बाळाला घ्यावे. मात्र बाळ दूध ओढेनासे झाले, त्याचा श्वास अडखळू लागला किंवा अंग थंड पडले, तर त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

या उपचाराला महाग यंत्र लागत नाही. पण आईला बाळाजवळ राहण्यासाठी खाट आणि अतिदक्षता विभागात प्रवेश लागतो. जिथे आई आजही दाराबाहेर थांबते, तिथे बाळ एका सिद्ध झालेल्या उपचाराला मुकते.