सिपनेच्या वळणावरचं कोलकास

परतवाडा मागे पडला की घाट लागतो आणि वळणं संपता संपत नाहीत. सेमाडोह ओलांडून धारणीच्या दिशेने आणखी पुढे गेलं, की कोलकास येतं. टेकाडावर वनखात्याचं विश्रामगृह, समोर व्हरांडा, आणि खाली खोलात वळण घेणारी सिपना. मेळघाटात मुक्कामाच्या जागा आणखीही आहेत. पण नदीच्या इतक्या जवळ, तरीही तिला न दुखावता राहता येईल अशी जागा मला दुसरी माहीत नाही.

कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचं नाव देणारी ही भाषा मुंडा कुळातली. तिचं मराठीशी नातं नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही. तिच्या सख्ख्या बहिणी दूर झारखंडाकडे बोलल्या जातात. सातपुड्याच्या या गाविलगड डोंगरांत ती टिकून आहे, आणि नदीची ओळख करून घ्यायची तर त्या नावापासूनच करावी.

सिपना तापीला मिळते. पावसाळ्यात तिचा लोंढा तांबूस, फोफावलेला असतो. उन्हाळ्यात मात्र पात्रात खडकच खडक दिसतात आणि पाणी उरतं ते डोहांत. वळणाच्या बाहेरच्या काठाला प्रवाहाचा जोर जास्त, त्यामुळे तिथलं पात्र खरवडून खोल होतं. आतल्या काठाला वेग मंदावतो, तिथे वाळू-गोटे साठतात. म्हणून डोह वळणालाच सापडायचा. एप्रिल-मे महिन्यांत आजूबाजूचे ओढे आटले, की जंगलाची सगळी तहान या डोहांवर येते.

व्हरांड्यात बसण्याचं मोल तेव्हा कळतं. सागाची पानगळ झालेली असते. जमिनीवर पापडासारखी वाळलेली पानं पसरलेली. त्यांवरून मुंगूस गेलं तरी ऐकू येतं, मग गव्यांचा कळप तर दिसण्याच्या कितीतरी आधी कानांनीच ओळखावा. सांबराची धोक्याची हाक एकदाच उठली तर सोडून द्यावी. ती पुन्हा पुन्हा उठू लागली, वानरांनीही वरून साथ दिली, तर श्वास रोखून बसावं. वाघ दिसेलच असं नाही. बहुधा दिसत नाहीच. पण तो खाली कुठेतरी आहे हे सगळ्या रानाला ठाऊक झालेलं असतं, आणि ते आपल्यालाही ठाऊक होतं.

1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली पहिली नऊ जंगलं निवडली गेली. महाराष्ट्रातलं त्यांतलं एकच, मेळघाट. शंभराहून अधिक वर्षं बेपत्ता असलेला रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढे या सागवानातही त्याची वस्ती आढळली. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांनीही वनखात्याच्या नोकरीतली काही वर्षं याच रानात काढली.

इथली शांतता मात्र फुकट आलेली नाही. कोहा, कुंड, बोरी ही गावं जंगलातून उठून बाहेर मैदानात गेली. त्यांची शेतं आता गवताळ कुरणं झाली आहेत, तिथे चितळं चरतात. आपण ज्या निःशब्द रात्रीसाठी इतक्या लांब येतो, तिच्यासाठी कुणीतरी आपलं अंगण सोडलं आहे. कोलकासला राहणाऱ्याने एवढं तरी मनात ठेवावं.

म्हणूनच इथल्या साधेपणात भर घालू नये असं मला कळकळीने वाटतं. साधी खोली, गरम जेवण आणि बसायला व्हरांडा, याहून अधिक काय लागतं? झगझगीत दिवे आले तर समोरचं आकाश जाईल, आणि गाणी वाजली तर पानांचा आवाज जाईल.

जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, आणि एक संध्याकाळ सफारीला न जाता राखून ठेवा. दिवे मालवा, मोबाइल खोलीत ठेवा आणि व्हरांड्यात गप्प बसा. अंधार पडल्यावर खाली डोहाशी पाणी पिण्याचा आवाज येईल. विजेरी लावू नका.