बंद रेल्वेमार्ग, कालव्याचे काठ आणि सायकल : रायपूर-धमतरी परिसराच्या निमित्ताने

रस्ता हे विकासाचे साधन मानले जाते आणि ते योग्यच आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने देशातील लक्षावधी खेड्यांना बारमाही रस्ता मिळवून दिला. तथापि, रस्ता तयार झाला म्हणजे तो सर्वांना सारखाच वापरता येतो, हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे. ज्या रस्त्यावरून मालमोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने धावते, त्याच रस्त्यावरून नववीत शिकणारी मुलगी सायकलने शाळेत जाते. दोघांसाठी रस्ता एकच असला, तरी जोखीम एकसारखी नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते.

या पार्श्वभूमीवर मोटारवाहतुकीपासून पूर्णतः वेगळ्या अशा सायकलमार्गांचा विचार केवळ पर्यटनाचा किंवा छंदाचा विषय राहत नाही. तो सार्वजनिक जमिनीच्या वापराचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा प्रश्न ठरतो. छत्तीसगडची राजधानी रायपूर व तिच्या दक्षिणेकडील महानदीचे खोरे हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे.

स्कॉटलंडचा अनुभव

ग्रामीण स्कॉटलंडमधील अरण्ये व नद्यांची खोरी यांमधून जाणारे सायकलमार्ग आज जगभरातील प्रवाशांना आकर्षित करतात. त्यांतील अनेक मार्ग मुळात सायकलसाठी बांधलेले नव्हते. ते बंद पडलेले रेल्वेमार्ग आहेत. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये बीचिंग अहवाल प्रसिद्ध झाला. तोट्यातील मार्ग बंद करावेत, अशी त्याची शिफारस होती आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो मैलांचे लोहमार्ग बंद झाले. ॲबर्डीन ते बॅलेटर हा डी नदीच्या खोऱ्यातील मार्ग १९६६ मध्ये बंद झाला. आज तेथे सुमारे ६६ किलोमीटरचा 'डीसाइड वे' आहे. कॅलेंडर-ओबान मार्गाचा ग्लेन ओगल खोऱ्यातील भाग सप्टेंबर १९६५ मध्ये दरड कोसळल्याने बंद पडला. त्या खोऱ्यातील जुन्या रेल्वेपुलावरून आता राष्ट्रीय सायकल जाळ्यातील सातव्या क्रमांकाचा मार्ग जातो.

रेल्वेमार्ग सायकलला इतके अनुकूल का ठरतात, याचे कारण तांत्रिक आहे. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही. म्हणून रेल्वेचे अभियंते डोंगर फोडून, भराव घालून आणि पूल बांधून चढाव शक्य तितका सौम्य ठेवतात. वाफेच्या इंजिनासाठी केलेला हा खर्च शंभर वर्षांनंतर सायकलस्वाराच्या पायांना उपयोगी पडतो. शिवाय रेल्वेची जमीन ही सलग पट्टी असते. शेकडो खातेदारांकडून नव्याने जमीन घेण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

या कामाची सुरुवात शासनाने केलेली नाही. १९७७ मध्ये ब्रिस्टल शहरातील काही नागरिकांनी एक संघटना स्थापन केली. पुढे ती 'सस्ट्रान्स' या नावाने ओळखली गेली. ब्रिस्टल ते बाथ हा जुना रेल्वेमार्ग १९७९ ते १९८६ या काळात तिने टप्प्याटप्प्याने सायकलमार्गात रूपांतरित केला. १९९५ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून मोठे अनुदान मंजूर झाले आणि राष्ट्रीय सायकल जाळे उभे राहू लागले. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ मध्ये भूमिसुधारणा कायदा केला. त्याने जमीन, पाणवठे व वने यांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिला आणि सायकलस्वारही त्यात समाविष्ट झाले. येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. हे जाळे सर्वत्र मोटारमुक्त नाही. त्याचा मोठा भाग कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून जातो. मोटारमुक्त तुकडे व शांत रस्ते यांची सांगड हेच त्याचे वैशिष्ट्य आहे.

रायपूर-धमतरी छोटी रेल्वे

बंगाल-नागपूर रेल्वेने बांधलेला रायपूर-धमतरी हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. अभनपूर येथून त्याची एक शाखा राजिमला जात असे. महानदी, पैरी व सोंढूर या नद्यांच्या संगमावर वसलेले राजिम माघी पौर्णिमेच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. धमतरीचा तांदूळ आणि दक्षिणेकडील जंगलांतील सागवान व साल यांची वाहतूक हे या मार्गाचे मुख्य प्रयोजन होते. कुरुदच्या बाजूने सिहावा-नगरीच्या अरण्यात शिरणारी एक वनट्रामही १९२० च्या दशकात टाकण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती काढून टाकली गेली. महानदीचा उगम याच सिहावा परिसरात आहे. म्हणजेच अरण्य व नदीखोरे यांमधून जाणारी सौम्य चढावाची एक सलग वाट या भागात कधीकाळी प्रत्यक्ष अस्तित्वात होती.

कालांतराने छोटी रेल्वे बंद झाली. नवा ब्रॉडगेज मार्ग रायपूर शहरातून न जाता मंदिर हसौद व नवा रायपूरमार्गे केंद्री-अभनपूरला जोडण्यात आला. ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती राजिमपर्यंत जाऊ लागली. केंद्रीच्या पुढे जुन्या मार्गाचा उपयोग पुन्हा रेल्वेसाठीच झाला, ही समाधानाची बाब आहे. प्रश्न उरतो तो रायपूर स्थानक, तेलीबांधा व माना या शहरी तुकड्याचा. या पट्टीवर द्रुतगती मार्ग बांधण्यात आला.

या निर्णयाची बाजूही समजून घेतली पाहिजे. शहराची लोकसंख्या वाढत होती, विमानतळाकडे जाणारी वाहतूक वाढत होती आणि भूसंपादनाविना उपलब्ध होणारी दुसरी सलग जागा नव्हती. प्रवासाचा वेळ वाचला, हे नाकारता येणार नाही. तरीही अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे संधी-व्ययाचा प्रश्न विचारील. एखादे साधन एका कामी वापरल्याने जो सर्वोत्तम पर्याय सोडावा लागतो, त्याचे मूल्य म्हणजे संधी-व्यय. शहराच्या मध्यातून खेड्यांकडे जाणारी, चढ-उतार नसलेली एकमेव पट्टी मोटारींना देताना पायी व सायकलने जाणाऱ्यांच्या वाट्याचा पर्याय संपला. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पण तो झालेला असतो.

दुसरी संकल्पना पर्याय-मूल्याची आहे. काही निर्णय सहज फिरवता येतात, काही येत नाहीत. रुळांच्या जागी सायकलमार्ग केला, तर उद्या तेथे पुन्हा रेल्वे आणता येते. इमारती उभ्या राहिल्या किंवा पट्टीचे तुकडे झाले, तर ते जवळजवळ अशक्य होते. स्कॉटलंडमधील वेव्हर्ली मार्ग १९६९ मध्ये बंद झाला आणि त्याचा सुमारे ४८ किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात जेथे जुनी पट्टी अन्य बांधकामाने अडली होती, तेथे नव्याने वाट काढावी लागली आणि खर्च वाढला. अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून यावर उपाय शोधला. बंद होणारा रेल्वेमार्ग भावी उपयोगासाठी राखून ठेवायचा आणि तोपर्यंत त्यावरून पायवाट व सायकलवाट चालवायची, अशी ही व्यवस्था आहे. तिला रेल्वेमार्गाची 'ठेव' म्हणता येईल. स्पेनमध्येही १९९३ पासून जुन्या लोहमार्गांचे 'हरित मार्ग' करण्याचा कार्यक्रम राबविला जात आहे.

लाभार्थी कोण ?

सायकलमार्ग म्हटला की परदेशी पर्यटक डोळ्यांसमोर येतो. भारतात पहिला लाभार्थी वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के व्यक्ती सायकलने जात होत्या. छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजनेखाली नववीतील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना सायकली दिल्या जातात. बिहारमध्ये २००६ पासून राबविल्या गेलेल्या अशाच योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत दाखल होण्याचे मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा जितकी दूर, तितका हा परिणाम अधिक होता.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. शासनाने सायकल दिली, परंतु ती चालविण्यासाठी सुरक्षित वाट दिली नाही, तर गुंतवणुकीचा अर्धाच लाभ पदरात पडतो. रायपूर-धमतरी हा राष्ट्रीय महामार्ग ३० वरील वाहता रस्ता आहे. त्याच्या कडेच्या गावांतील पालक मुलीला सायकलवर पाठवताना अंतराआधी मालमोटारींचा विचार करतात.

उरलेले पर्याय

शहरातील पट्टी गेली असली, तरी संधी संपलेली नाही. पहिला पर्याय महानदी कालव्यांचा आहे. रुद्री येथून निघणाऱ्या कालव्यांचे जाळे छत्तीसगडच्या भातशेतीचा आधार आहे. याच भागातील कंडेल गावी १९२० मध्ये शेतकऱ्यांनी पाणीपट्टीविरुद्ध सत्याग्रह केला. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले व छोटेलाल श्रीवास्तव यांनी त्याचे नेतृत्व केले. कालवा समतलरेषेला धरून मंद उताराने वाहतो. म्हणून त्याचा काठही रेल्वेमार्गाप्रमाणेच सायकलला सोयीचा असतो. देखरेखीसाठी काठाने वाट ठेवलेली असते आणि जमीन जलसंपदा विभागाची असते. स्कॉटलंडमधील फोर्थ-क्लाइड कालवा १९६३ मध्ये बंद झाला, २००१ मध्ये पुनरुज्जीवित झाला आणि त्याच्या काठाने आज सायकली धावतात. आपल्याकडे काठाची मजबुती, खोल पाण्याजवळील कठडे व अवजड वाहनांना मज्जाव या तीन अटी पाळूनच असा विचार करता येईल.

दुसरा पर्याय वनवाटांचा आहे. येथे अधिक सावधगिरी हवी. बारनवापारा व सीतानदी ही अभयारण्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कक्षेत येतात. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटक सायकलमार्गाची कल्पना करणेही योग्य नाही. सायकल आवाज करीत नाही, हा तिचा गुण अस्वलांच्या प्रदेशात दोष ठरू शकतो. वस्तीलगतच्या वनांत मात्र वाव आहे. तेथील निर्णय ग्रामसभेचा असावा. नगरी तालुक्यातील जबर्रा गावाला २०१९ मध्ये वनहक्क कायदा, २००६ नुसार सामुदायिक वनसंपत्तीचा हक्क मिळाला. अशा गावांतून वाट न्यायची असेल, तर पेसा कायदा, १९९६ व वनहक्क कायदा यांनुसार ग्रामसभेची संमती प्रथम आणि आराखडा नंतर, हा क्रम पाळला पाहिजे. मुक्काम, भोजन व वाटाडे यांचे उत्पन्न गावातच राहिले, तरच त्या वाटेचे राखणदार गावात निर्माण होतील.

देखभालीचा धडा

बांधकामापेक्षा देखभाल कठीण असते. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा हा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाला. देशातील अशा स्वरूपाचा हा पहिलाच मोठा प्रयत्न होता. परंतु पुढे अनेक ठिकाणी अतिक्रमण व दुरवस्था यांनी त्याला ग्रासले. सायकलमार्ग हा सार्वजनिक वस्तूच्या जवळ जाणारा प्रकार आहे. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी तो कमी होत नाही आणि पथकर बसविणेही व्यवहार्य नसते. म्हणून खाजगी गुंतवणूक येत नाही आणि शासनाचा उत्साह उद्घाटनापाशी थांबतो. दरवर्षीची तरतूद व जबाबदार स्थानिक संस्था निश्चित केल्याखेरीज असे मार्ग टिकत नाहीत.

सारांश

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण, २००६ ने वाहनांऐवजी माणसांना केंद्रस्थानी ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. ते तत्त्व ग्रामीण भागात नेण्याची वेळ आली आहे. रेल्वेच्या मोकळ्या जमिनींच्या व्यापारी विकासासाठी २००६ मध्ये रेल्वे भूमी विकास प्राधिकरण स्थापन झाले. बंद मार्गाची पट्टी विकण्यापूर्वी किंवा तिचे तुकडे करण्यापूर्वी ती 'ठेव' म्हणून राखता येईल काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जावा, एवढी तरतूद धोरणात सहज करता येईल. विदर्भातील अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या 'शकुंतला' मार्गाबाबत रुंदीकरणाची मागणी आहे. रेल्वे परत येईपर्यंत ती पट्टी अखंड राहणे त्या मागणीच्याही हिताचे आहे.

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत रायपूरहून धमतरीला जाताना छोट्या रेल्वेच्या खिडकीतून रुळांच्या कडेने डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या स्त्रिया पाहिल्या आहेत. गाडीचे तिकीट न काढणाऱ्यांचीही ती वाट होती. गाडी गेली, ती माणसे अजून चालत आहेत आणि त्यांच्या मुली आता सायकलवर आहेत. सार्वजनिक जमिनीचा हिशेब मांडताना त्यांचा स्तंभ रिकामा राहू नये.