शनिवार तेली : कोकणातले आपले यहुदी शेजारी

गाझावर बॉम्बहल्ले सुरू झाल्यापासून आपल्या घरांत 'यहुदी' हा शब्द रोज कानावर पडतो. मोबाईलवरची उद्ध्वस्त घरे आणि कफनातली लेकरे पाहून आपली मुले विचारतात, "यहुदी असे का वागतात?" मुलांचा संताप रास्त आहे. पण प्रश्न चुकीचा आहे आणि तो आपण मोठ्यांनीच नीट करून दिला पाहिजे. इस्रायलचे सरकार वेगळे आणि यहुदी माणूस वेगळा. हे समजायला महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी लांब जायची गरज नाही. आपलीच भाषा बोलणारे यहुदी कोकणात कित्येक शतके राहत आले आहेत. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत आहे. या लोकांनी कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावागावांत तेलाचे घाणे चालवले. शनिवारी त्यांच्या धर्मात काम वर्ज्य, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. त्यामुळे गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावेही गावांचीच : पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर.

आपल्याशी त्यांचे नाते याहून जवळचे आहे. ते आपल्या प्रार्थनागृहाला, म्हणजे सिनेगॉगला, 'मशीद' म्हणत. मुंबईत मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली बांधलेले सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले जाई. त्याचे हिब्रू नाव 'शआर हाराहमीम', म्हणजे रहमतीचा दरवाजा. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते मलिदा करतात. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून इलियाहू नबींचे स्मरण करतात. हे इलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. जंजिऱ्याच्या नवाबांच्या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी इस्रायल हे बेने इस्रायल गृहस्थ कारभारी होते. माझगावची सर एली कदूरी शाळा 1875 साली बेने इस्रायल मुलांसाठी सुरू झाली. आज तिथले बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत.

1948 साली इस्रायल स्थापन झाले तेव्हा भारतात सुमारे 20 हजार बेने इस्रायल होते. इथे कोणी त्यांना छळले नव्हते, तरी पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक जण तिकडे गेले. आज भारतात सर्व यहुदी मिळून चार-पाच हजार उरले आहेत. 2016 साली महाराष्ट्र सरकारने त्यांना आपल्यासारखाच धार्मिक अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. इस्रायलमध्ये मात्र भारतीय वंशाचे सुमारे 85 हजार लोक आहेत. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले या गावांत मराठी ऐकू येते. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघत आले आहे.

पण ज्या देशाला आपले घर समजून ते गेले, तिथे त्यांना मान सहजासहजी मिळाला नाही. कामात आणि वागणुकीत भेदभाव होतो म्हणून काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि 1952 साली ते भारतात परतले. 1962 च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने हुकूम काढला की, बेने इस्रायल माणसाचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. म्हणजे हे खरे यहुदी आहेत का, हीच शंका. लोक रस्त्यावर उतरले. अखेर 1964 साली संसदेत ठराव झाला की, बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला आपला हुकूम बदलावा लागला.

यहुदी कोण, हा वाद तिथे आजही मिटलेला नाही. आजी-आजोबांपैकी एक जण यहुदी असला तरी कायद्याने नागरिकत्व मिळते. पण लग्नासाठी धर्मपीठ आई यहुदी आहे का ते पाहते. त्यामुळे अनेक जोडप्यांना सायप्रसला जाऊन लग्न करावे लागते.

याच कायद्याची दुसरी बाजू विसरता येणार नाही. लोद आणि रामले या गावांतून जुलै 1948 मध्ये 50 हजारांहून अधिक पॅलेस्टिनींना हाकलून लावले गेले. मुंबईचा यहुदी तिथे जाऊन नागरिक होऊ शकतो, पण तिथून काढलेल्या पॅलेस्टिनीला आपल्या घरी परतता येत नाही. हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणणारे यहुदीही आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये शेकडो अमेरिकन यहुद्यांनी वॉशिंग्टनमधील संसदेच्या इमारतीत आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ठिय्या देऊन युद्धबंदी मागितली आणि अटक करून घेतली. इस्रायलमधल्याच बेत्सेलेम या मानवाधिकार संघटनेने जुलै 2025 मध्ये गाझातल्या कृत्याला वंशसंहार म्हटले. सगळेच यहुदी असे नाहीत; सरकारच्या पाठीशी उभे राहणारेही पुष्कळ आहेत. अहले किताब सगळे एकसारखे नाहीत, ही शिकवण तर आपल्याला कुरआननेच दिली आहे.

दुसऱ्याच्या गुन्ह्याचा जाब आपल्याला विचारला जातो तेव्हा काय वाटते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये यहुद्यांना मारले गेले. त्यानंतर मुंबईच्या मुसलमानांनी हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. गुन्हेगार आमचे नाहीत, हे आपण तेव्हा ठणकावून सांगितले. मग पेणच्या किंवा ठाण्याच्या यहुदी शेजाऱ्याला नेतन्याहूंचा हिशेब विचारायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून मुलांना तीन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगू या : यहुदी धर्म, झायोनवाद हा राजकीय विचार आणि इस्रायलचे सरकार. पॅलेस्टिनसाठी दुआ करू, बोलू, जमेल ती मदत करू. पण जुलमाचा राग जालिमावरच राहू द्या. तो शनिवार तेल्याच्या दारात नेऊ नका.