गाडीतील ‘लायटर’चे सॉकेट : लहान छिद्र, मोठी जबाबदारी

पावसाळ्यातील एका रात्री पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे महाडला जाण्याची वेळ आली. एका आप्ताला तेथील रुग्णालयात तातडीने दाखल केले होते. धाकटा भाऊ तिकडून दर अर्ध्या तासाने फोनवर प्रकृतीची खबर देत होता. घाट चढताना लक्षात आले की, मोबाइलची बॅटरी संपत आली आहे आणि सॉकेटमध्ये खोचलेल्या चार्जरचा दिवा पेटतच नाही. माणगावच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी थांबून फ्यूज बॉक्स उघडला. फ्यूज उडाला होता. टपरीवरच्या एका सद्गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने उपाय सुचविला, ‘‘सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळा आणि बसवून टाका, लगेच चालू होईल.’’ तो लगेच चालू झाला असता, यात शंका नाही. पण त्यानंतर काय झाले असते, हे समजून घेण्यासाठीच हा लेखप्रपंच.

मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा गिअरच्या पुढे असणारे हे गोल छिद्र मुळात धूम्रपान करणाऱ्यांच्या सोयीसाठी जन्माला आले. आतील बटण दाबले की तारेचे वेटोळे लालबुंद होई आणि पुरेसे तापले की ते आपोआप बाहेर उसळे. कालांतराने धूम्रपान मागे पडले. छिद्र मात्र राहिले. आज त्याचा उपयोग मोबाइल चार्जर, डॅशबोर्डवरील कॅमेरा, टायरमध्ये हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर, शीतपेटी अशा अनेक उपकरणांसाठी होतो. बऱ्याच नव्या गाड्यांत लायटर नसतोच. झाकण असलेले केवळ १२ व्होल्टचे सॉकेट असते. अशा सॉकेटमध्ये जुना तापणारा लायटर कधीही घालू नये. लायटरला धरून ठेवणारी आणि तापल्यावर सोडणारी धातूची पकड त्यात नसते आणि भोवतालचे प्लॅस्टिकही तेवढी उष्णता सोसण्यासाठी केलेले नसते.

रचना आणि मर्यादा

या सॉकेटची रचना अगदी साधी आहे. तळाशी मधोमध असलेला टोकदार भाग म्हणजे धन टोक आणि सभोवतालची धातूची भिंत म्हणजे ऋण टोक. इंजिन बंद असताना निरोगी बॅटरी येथे सुमारे १२.५ व्होल्ट देते. इंजिन सुरू झाले की आल्टरनेटरमुळे हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत जातो. मोठ्या ट्रक व बसमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते. त्यामुळे केवळ १२ व्होल्टसाठी बनविलेले उपकरण तेथे जोडल्यास ते जळू शकते.

या सॉकेटला बहुधा १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेतील सूत्र येथे कामी येते. १० अँपिअरचा फ्यूज असेल तर १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट ही मर्यादा झाली. मोबाइलच्या चार्जरला १० ते २० वॅट लागतात, म्हणजे जेमतेम एक-दोन अँपिअर. ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर सहा अँपिअरच्या आसपास घेतो. हवा भरण्याचा कॉम्प्रेसर मात्र दहा अँपिअर किंवा त्याहूनही अधिक खेचतो. एक हजार वॅटची किटली इन्व्हर्टरमार्फत चालवावयाची म्हटली, तर ऐंशीहून अधिक अँपिअर लागतील. म्हणजेच ते या सॉकेटचे कामच नव्हे.

एका सॉकेटची तीन सॉकेट करणारे जोडही बाजारात मिळतात. छिद्रे तीन झाली तरी फ्यूज एकच असतो आणि मागची वायरही एकच, हे विसरू नये. कॉम्प्रेसर सुरू असताना इतर सारे काढून ठेवावे.

सॉकेट चालत नसेल तर

दोष शोधताना सोप्याकडून कठीणाकडे जावे.

१) प्रथम किल्ली तपासावी. अनेक गाड्यांत किल्ली ‘अ‍ॅक्सेसरी’ किंवा ‘ऑन’ स्थितीत असल्याखेरीज सॉकेटला वीज मिळत नाही.

२) दुसरे उपकरण लावून पाहावे. ते चालले तर दोष सॉकेटचा नव्हे, पहिल्या चार्जरचा. काही चार्जरचे टोक फिरवून उघडते व आत काचेचा छोटा फ्यूज असतो. उघडताना आतील स्प्रिंग उडून हरवणार नाही, याची काळजी घ्यावी.

३) चार्जर घट्ट बसला आहे का, ते पाहावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो हळूहळू बाहेर सरकतो. किंचित फिरवून आत दाबल्यास पुष्कळदा काम होते.

४) विजेरीच्या उजेडात सॉकेटच्या आत पाहावे. सॉकेटचे तोंड सुमारे २१ मिलिमीटरचे असते. त्यात छोटे नाणे, सेफ्टी पिन, चॉकलेटचा चंदेरी कागद सहज पडतो. अशी वस्तू धन टोक व भिंत यांना जोडते आणि क्षणात शॉर्ट सर्किट होऊन फ्यूज उडतो. ती काढण्यापूर्वी किल्ली बंद करून सॉकेटचा फ्यूज काढावा, कारण काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तेथे वीज असते. त्यानंतर लाकडी वा प्लॅस्टिकच्या काडीने वस्तू बाहेर काढावी.

५) आता फ्यूज पाहावा. फ्यूज बॉक्स बहुधा स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटमध्ये असतो. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आतील बाजूस वा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. फ्यूजमधील धातूची पट्टी तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली तर तो बदलावा. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. रंगावर अंकही छापलेला असतो. काढला तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. कारण दूर न करता नवा फ्यूज बसविला, तर तोही उडेल.

६) फ्यूज शाबूत असूनही वीज नसेल, तर मल्टिमीटरने तळाचे टोक व भिंत यांमधील व्होल्टेज मोजावे. व्होल्टेज योग्य येत असेल, तर टोकांवरील धूळ व गंज हे कारण असू शकते. फ्यूज काढून कोरड्या कापडाने ती स्वच्छ करावीत. व्होल्टेज शून्य असेल, तर मागची वायर सुटली असण्याचा संभव आहे. येथे मात्र गाडीच्या विजेचे काम जाणणाऱ्या कारागिराकडे जावे. डॅशबोर्डच्या आत एअरबॅगच्या वायरीही असतात आणि त्यांना बहुधा पिवळे आवरण असते. त्यांना धक्का लावणे धोक्याचे आहे.

चंदेरी कागदाचा मोह

फ्यूज हा अडथळा नसून पहारेकरी आहे. सॉकेटमागची वायर ठरावीक प्रवाहच सुरक्षितपणे वाहू शकते. प्रवाह त्यापलीकडे गेला की वायर तापण्याआधी फ्यूजने वितळावे, अशी ही योजना असते. १५ ऐवजी ३० अँपिअरचा फ्यूज घातला, तर पहारेकरी उशिरा जागा होतो. चंदेरी कागद किंवा तांब्याची तार गुंडाळली, तर तो कधीच जागा होत नाही. मग वितळते ते वायरीवरचे आवरण, तेही डॅशबोर्डच्या आत, गालिचा आणि प्लॅस्टिकच्या सान्निध्यात, धावत्या गाडीत.

सैल जोडणीही अशीच घातक ठरते, आणि तिच्यापासून फ्यूज वाचवीत नाही. जोडणीत केवळ ०.१ ओहमचा रोध असला आणि १० अँपिअर प्रवाह वाहत असला, तर तेवढ्याशा जागेत १० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून कॉम्प्रेसर वापरल्यावर प्लगला हात लावून पाहावा. तो चटका देण्याइतका तापला असेल किंवा जळका वास येत असेल, तर वापर तत्काळ थांबवावा. कॉम्प्रेसर सलग किती मिनिटे चालवावा, हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ती मर्यादा पाळावी.

बॅटरीचेही भान

लहान गाड्यांची बॅटरी अनेकदा ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. इंजिन बंद ठेवून ४ अँपिअर घेणारी शीतपेटी चालविली, तर चार-साडेचार तासांत निम्मी बॅटरी रिकामी होते. बॅटरी जुनी असेल तर त्याही आधी गाडी सुरू होणे कठीण होऊन बसते. किल्ली काढल्यावरही आपले सॉकेट जिवंत राहते का, हे एकदा चार्जर लावून अवश्य तपासावे. राहत असेल, तर गाडी उभी करताना प्लग काढून ठेवण्याची सवय लावावी. कॉम्प्रेसर वापरताना इंजिन सुरू ठेवावे. मात्र बंद गॅरेजमध्ये तसे कदापि करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

त्या रात्री आम्ही चंदेरी कागद नम्रपणे नाकारला. फ्यूज बॉक्सच्या झाकणात त्याच अंकाचा एक जादा फ्यूज होता. तो बसविण्यापूर्वी सॉकेटमध्ये डोकावलो, तर तळाशी एक छोटे नाणे आडवे पडले होते. टोलचे सुटे पैसे ठेवण्याच्या खणातून ते घरंगळले असावे. ते तसेच राहिले असते आणि फ्यूजच्या जागी कागद असता, तर बॅटरीचा सारा प्रवाह त्या बारीक वायरीतून वाहिला असता. नाणे काढले, फ्यूज बसविला, चार्जरचा दिवा लागला. काही मिनिटांत भावाचा फोन आला : प्रकृतीला उतार पडला होता. तेव्हापासून गाडीत योग्य अंकांचे दोन-तीन जादा फ्यूज आणि एक छोटी विजेरी कायम असते आणि सॉकेटचे झाकण न चुकता लावलेले असते.